भाकरीचं पीठ

"ज्वारी द्या मावशी. पीठ असलं तर आणखी बरं," प्रतिक्षा म्हणाली.

आशाबाईंनी दार अर्धंच उघडलं होतं. समोर अकरा-बारा वर्षांची पोरगी, तिच्यामागं धाकटी बहीण कोमल. रस्त्यावर भाजीवाल्याकडून मागून आणलेला हातगाडा धरून त्यांचे आईवडील, शालूबाई आणि शिवहार, उभे होते. गाड्याभोवती गल्लीतली सात-आठ लेकरं जमली होती.

"काहून गोळा करून राहिले?"

"नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं न्हाई का? बासष्ट माणसं शाळेत आणून ठेवलीत."

"सरकारनं दिलं असंल की."

"तांदूळ आलाय. पण म्हाताऱ्या माणसांना भात सोसंना. तीन दिवस झाले, भाकर मागून राहिलेत."

आशाबाईंचा विश्वास बसेना. मागं एकदा असंच गोळा केलेलं धान्य बाजारात विकल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

"बासष्ट? तुला एवढा बराबर आकडा कसा ठाऊक?"

"रोज वाढते ना मी. अकरा लेकरं हायेत. एक बाळंतीण हाय, तिला तिखट चालत न्हाई."

आशाबाई आत जाऊन पिठाचा डबाच उचलून घेऊन आल्या. "मीबी येते संगं. माझ्या डोळ्यानं बघते."

"या की," शालूबाई हसली. "भाकरी थापायला हात कमीच पडून राहिलेत."

वसमतच्या त्या गल्लीतून गाडा पुढं निघाला. आशाबाई चालल्यात म्हटल्यावर शेजारणीही निघाल्या. कुणी परात घेतली, कुणी तवा. आशाबाईंची लेक अंजली घरातली शेंगदाण्याची चटणी बरणीसकट घेऊन आली. चढावर सगळ्या लेकरांनी मिळून गाडा ढकलला.

शाळेच्या पटांगणात तीन चुली पेटल्या. शिवहारनं लाकडं फोडली. शालूबाई पहिल्या चुलीपाशी बसली ती शेवटची भाकर उतरेपर्यंत उठली नाही. कोमल तांब्या दोन्ही हातांनी धरून एकेकाला पाणी देत होती.

"आज्जी, दुधात चुरून देऊ का?" प्रतिक्षा विचारत होती. "बाबा, तुमी चटणी घेतलीच न्हाई."

एका म्हाताऱ्यानं भाकरीचा पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटून घेतले. दारात आपण या पोरीला काय काय विचारलं, ते आठवून आशाबाईंना लाज वाटली.

पंगत उठल्यावर शालूबाई, शिवहार आणि दोघी पोरी जेवायला बसले. टोपल्यात पाच भाकरी उरल्या होत्या.

"बघ," आशाबाई अंजलीच्या कानाशी म्हणाल्या, "माणसानं ह्यांच्यावानी व्हावं. आपलं सुखाचं घर सोडून दिवसभर परक्यांसाठी राबून राहिलेत."

दिवस मावळायला आला. बायका पराती, तवे घेऊन निघाल्या. आशाबाई शालूबाईपाशी आल्या.

"लई दमल्या असाल. आमचे हे गाडी घेऊन आलेत. कुठं राहता तुमी? घरापर्यंत सोडतो."

शालूबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. शिवहार हात पुसतच राहिला.

"हितंच, मावशी," प्रतिक्षा म्हणाली, आणि कोमलचं बोट धरून पाचवीच्या वर्गात चौघांची सतरंजी अंथरायला गेली.