लॉगमधलं नाव

"लॉग खोटं बोलत नाही, अस्मिता," परशुराम सर म्हणाले. "मंगळवारी अकरा दहाला बुकिंगची फाइल तू उडवलीस. नाव तुझंच आहे."

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कोणी, कधी, काय बदललं ते लॉगमध्ये आपोआप लिहिलं जाई. मंगळवारी अकराला अस्मिता कणकवलीच्या पोस्टात रांगेत उभी होती. पण त्या मेल्या यंत्रापुढे माणसाचं कोण ऐकणार?

"सर, लॉगच बिघडला असेल. बनवणाऱ्यांना कळवते."

"कळव. उद्यापर्यंत उत्तर आलं तर ठीक. नाहीतर परवापासून येऊ नकोस."

तिने मेल लिहायला घेतला. स्वतःचं नावच चार वेळा चुकलं, चार वेळा खोडावं लागलं.

"घाबरतंस कित्याक गो?" शेजारच्या टेबलावरून प्रियांका म्हणाली. "तू पोस्टात होतंस, माका म्हायत आसा."

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. लॉगमध्ये बिघाड दिसत नाही. ज्याचं खातं उघडं असेल त्याचं नाव तो लिहितो. तुमच्या खात्यावर दुसरं कोणी बसतं का?

अगो बाई! बसतं काय, सगळेच बसतात! लोडशेडिंग सुरू झालं की इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चाले. ज्याचं खातं उघडं असेल त्याच्यावरच सगळे आळीपाळीने काम उरकत. नाव बदलत कोण बसणार? मंगळवारी सकाळीही वीज गेलेली होती. सरांना दाखवायला असलीच एखादी जुनी नोंद मिळाली तर बरं, म्हणून ती लॉगमध्ये मागे मागे जाऊ लागली.

गेल्या महिन्यातल्या एका नोंदीवर तिचा हात थांबला. नाव सुदेशचं होतं. ह्याच नोंदीवरून सरांनी त्याला कामावरून काढलं होतं. "मी नाय केलंय, सर," एवढंच म्हणत तो गावी, मिठबावला निघून गेला होता.

वेळ दुपारी सव्वातीन. तेव्हा वीज नव्हती. सुदेश जेवायला गेला होता आणि त्याच्या खुर्चीवर अस्मिता बसली होती. तिने बदललेल्या ओळी वाचल्या. तिच्याच हातच्या होत्या.

एक बटण दाबलं की नोंद पडद्यावरून गेली असती. प्रियांकाचंही लक्ष नव्हतं.

"आलं का उत्तर?" सर मागे येऊन उभे राहिले.

"आलं, सर." तिने ती नोंद पडद्यावर तशीच उघडी ठेवली. "सुदेशचा फोन नंबर आहे तुमच्याकडे?"