तिसऱ्या भागातलं पांघरूण

सकाळी अकरा वाजता लेखकाच्या आत्याने त्याच्या टेबलावर चुकांची यादी ठेवली. त्याच्या अद्भुतरम्य कादंबरीचे आधीचे सहाही भाग तिनेच तपासले होते. सातवा आणि शेवटचा भाग चार वाजता छापायला जायचा होता. त्यात सैन्य गुहेतल्या राखाडी जमातीचा समूळ नाश करणार होतं. ही जमात जन्मजात क्रूर, असं लेखकाने पहिल्याच भागात लिहून टाकलं होतं.

यादीत चूक एकच होती.

"तिसऱ्या भागात तुझा राखाडी पहारेकरी झोपलेल्या कैद्यावर पांघरूण घालतो," आत्या म्हणाली. "जन्मजात क्रूर ना रे ते? मग ही माया कुठून उगवली?"

"अगं, कैदी थंडीने मेला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. ओघात लिहून गेलो. नव्या आवृत्तीत काढतो ते वाक्य."

"काढ बापडा, माझं काय जातंय? पण त्या आख्ख्या जमातीत मला तेवढा एकच माणूस भेटला होता."

लेखकाने पेन्सिल उचलली, पण ती वाक्यावर फिरेना. ते पांघरूण कोणीतरी विणलं असणार. पहारेकरी थंडीत जागतो म्हणून, खास त्याच्यासाठी.

चार वाजता छापखान्यातून फोन आला. लेखकाने आठ दिवस मागितले. मुद्रक आधी भडकला, मग "बघतो" म्हणाला.

शेवटची बातमी हाती आली तेव्हा सातव्या भागातलं सैन्य गुहेच्या तोंडाशी थांबलेलं होतं, आणि आतून एक म्हातारी हातात पांघरूण घेऊन बाहेर येत होती.