दहापैकी दहा

अमेरिकेत, मिलवॉकीच्या एका विमा कंपनीत डेलबर्टची एकोणीस वर्षं गेली होती. त्याच्याच हाताखाली शिकलेली मार्लीस आता त्याची साहेब होती. कंपनीचं संगणकाचं काम परदेशातल्या तीन गटांपैकी कुणाला द्यायचं, हे तिने त्यालाच ठरवायला सांगितलं.

तिसऱ्या गटाने मुलाखतीत उलट विचारलं, "सगळं ठाऊक असलेला माणूसच उद्या निघून गेला तर?"

डेलबर्ट खूश झाला. "पोरं दूरचं बघतात, मार्लीस! दहापैकी दहा!"

"पण तू कुठला जातोस, म्हाताऱ्या?" मार्लीस हसली. "तुला इथून क्रेननेच उचलावं लागेल!"

शुक्रवारी त्या तिसऱ्या गटाशी करायच्या कराराचा मसुदा नेहमीप्रमाणे चुका तपासायला त्याच्याकडेच आला.



चौथ्या पानावर, समासात, मार्लीसच्या अक्षरात त्या प्रश्नाचं उत्तर होतं : 'डेलबर्ट तीस जूनला जाणार. तोवर त्याच्याकडून सगळं शिकून घ्या.'