भट्टीच्या पलीकडचा पाऊस

शिवदास निथळत्या कपड्यांनी प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. शर्टाच्या आत जपून धरलेली बाटली त्याने टेबलावर ठेवली.

"भट्टीच्या पलीकडचो पाऊस," तो म्हणाला. "तुमका होयो होतो मगे?"

देवकी नवऱ्याकडे बघतच राहिली. ती या वर्गाला येऊ लागल्यापासून तो तिच्याशी धड बोलला नव्हता.

साखळीच्या कॉलेजात पावसाची आम्लता मोजायला शिकवणारा वर्ग आषाढात सुरू झाला होता. शिकवायला पणजीहून विनोदिनीबाई येत. रसायनशास्त्राची पदवी घेऊन लग्नानंतर घरीच राहिलेल्या देवकीला कॉलेजातून बोलावणं आलं, तेव्हा ती दुसऱ्याच दिवशी हजर झाली. घरात मात्र वीज पडल्यासारखं झालं. आसपासच्या बागांतल्या मिरवेलींची पानं करपत होती आणि लोक बोट दाखवत ते लोखंडाच्या भट्टीकडे. धुरानेच पाऊस आंबट झालाय, म्हणत. पानांवरचे डाग रोगाचे की पावसाचे, ते मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नव्हतं. आणि शिवदास त्याच भट्टीवर कामाला होता. भट्टी बंद पडली तर पोरांना काय खायला घालणार, असं त्याने एकदाच विचारलं, आणि मग अबोला धरला.

पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. धूर जायचा पूर्वेला, कामगारांच्या खोल्यांवर. अलीकडचा पाऊस वर्गाने कितीतरी वेळा मोजला होता, पण पलीकडचा मिळत नव्हता. ती जागा कंपनीची. विनोदिनीबाईंनी रीतसर परवानगी मागितली, तर नकार आला. विद्यार्थी गेले, ते गेटवरूनच परत आले. दोन्हीकडचा पाऊस शेजारी ठेवल्याशिवाय भट्टीवर बोट ठेवता येत नव्हतं आणि तिला निर्दोषही म्हणता येत नव्हतं.

आता शिवदासने तुटक तुटक सांगितलं, ते असं. सकाळी भट्टीवरच्या साहेबाने त्याला बाजूला घेतलं होतं. तुझी बायको कॉलेजच्या गच्चीवर पाऊस धरते ना, तिला न्यायला जाशील तेव्हा त्या भांड्यात चिमूटभर चुना टाक म्हणजे आंबटपणा मरेल, तुला कोण विचारणार, असं म्हणाला. शिवदास तिथून कामावर गेला. दुपारी सर आली तशी तो एका सोबत्याच्या खोलीच्या छपरावर चढला आणि पाऊस धरून थेट इथे आला.

"तुज्या कामात माती घालूक सांगता, आनी ती माका," तो म्हणाला.

देवकीने मीटरचा काचेचा दांडा शुद्ध पाण्याने धुतला, टिपला आणि बाटलीतल्या पाण्यात बुडवला. वर्गातले सगळे भोवती गोळा झाले. आकडा घसरत गेला आणि चारच्या जरा वर थांबला. स्वच्छ पावसाचा आकडा साडेपाचच्या आसपास असतो; तो जितका खाली, तितकं पाणी आंबट. इतकं आंबट पाणी त्या मीटरने आजवर दाखवलं नव्हतं.

वर्गातला कोरगावचा गोकुळदास आनंदाने टेबलावर थापच मारणार होता. मिळालं म्हणाला, आता बघू कंपनी काय बोलते ती. शिवदासच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. विनोदिनीबाई देवकीकडे बघत होत्या.

देवकीने बाटली उचलून नाकाशी नेली.

"ही बाटली खंयची?"

"कँटीनातली. कोकमाची. पण बरी धुतलंय मी ती."

गोकुळदास म्हणाला, धुतलीय ना, मग झालं तर. पलीकडे काय पडतं ते आपल्याला ठाऊक नाही का?

"आपल्याला हवा तसाच आकडा आलाय," देवकी म्हणाली, "म्हणून तर तो जास्त तपासायला हवा."

तिने पावसाचं पाणी दुसऱ्या भांड्यात काढून ठेवलं. रिकाम्या बाटलीत शुद्ध पाणी ओतलं, झाकण लावून खळखळून हलवलं आणि त्यात मीटर बुडवला. शुद्ध पाण्याचाही आकडा घसरला. घसरत घसरत जवळजवळ तिथेच येऊन थांबला. पावसाचं काही कळलंच नव्हतं. कळलं होतं ते झाकणाच्या आट्यांत चिकटून राहिलेल्या कोकमाचं.

देवकीने नवऱ्याकडे पाहिलं. नोकरी पणाला लावून माणूस छपरावर चढला होता. हा आकडा बाहेर नेला तर कंपनीचा पहिलाच तज्ज्ञ तो हाणून पाडील, आणि पुढे खरा आकडा आला तरी कोणी विश्वास ठेवणार नाही, हे तिने त्याला जमेल तेवढ्या सौम्यपणे सांगितलं. मग त्याच्यासमोरच भांड्यातलं पाणी मोरीत ओतलं.

शिवदासचा चेहरा उतरला. तो वळला आणि दारापर्यंत गेला. आता हा घरीही बोलणार नाही, असं तिला वाटलं. तरी तिने हात पुसले आणि मीटर पुन्हा धुवायला घेतला.

नमुना घ्यायला शिकलेल्या माणसाने घेतलेलाच नमुना चालतो, विनोदिनीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, आणि आपल्यातल्या एकालाही तिकडे जाता येत नाही.

शिवदास दारात थांबला. मागे फिरला आणि बाईंना ओलांडून बायकोसमोरच्या बाकावर येऊन बसला.

"गेटार माका कोण अडयना," तो म्हणाला. "माका शिकय."