दोरीपलीकडे
गेल्या आठवड्यात महामार्गावर ट्रकमधून पडलेली किरणोत्सारी कांडी शोधत रोहिणी सकाळपासून गेवराईबाहेर किरणोत्सार टिपणारा ड्रोन उडवत होती. डोळे चुरचुरत होते, खांदे भरून आले होते. शेवटची बॅटरी उतरत आली तेव्हा नकाशावर लाल ठिपका उमटला. खाली भंगाराची शेड होती आणि तिच्या दारात मालक, म्हातारे ख्वाजाचाचा बसलेले होते. तिच्या पथकानं लांबवर दोरी बांधली. रोहिणी दोरीमागून कर्ण्यात ओरडली, "चाचा, उठा तिथून! लवकर इकडं या!" चाचा हलले नाहीत, बसूनच ओरडले. "कावून? अतिक्रमणवालेच ना तुमी? दरसाल उठविता. लई थकलो बेटी, आता न्हाई उठत." "अतिक्रमण नाही, चाचा. तुमच्या भंगारात एक चकचकीत कांडी आलीय. तिच्यातून निघतं ते दिसत नाही, पण माणसाला आतून जाळतं." चाचांनी आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. बोटांवर टम्म फोड आले होते. ते उठले, अनवाणीच चालत आले आणि दोरी जवळ येताच थबकले. "मीच उचलली ती. तू मागं सरक. लेकरंबाळं असतील तुला. माझ्यापासून लागंल." रोहिणी दोरीखालून वाकून पलीकडं गेली. "कांडी तिकडं राहिली, चाचा. तुमच्यापासून कुणाला काही होत नाही." तरी त्यांनी हात मागं घेतला. तिनं फोड चुकवून त्यांचं मनगट धरलं आणि अँब्युलन्स येईपर्यंत सोडलं नाही.