अकरा नंबरचं वाक्य

बायकोच्या थडग्याच्या दगडावर पहिला घाव घालायचा होता, पण पाथरवटाचा हात उठत नव्हता. जाताना ती एवढंच म्हणाली होती, "पोराच्या दगडावर आहे, तेच माझ्यावर कोरा. दुसरं काही नको."

थडग्यावर लॅटिन कोरून घ्यायची त्या भागात जुनी हौस. पाथरवटाला लॅटिन ओ की ठो कळत नसे. बापाची वही होती. डावीकडे नंबर घातलेली लॅटिन वाक्यं, उजवीकडे चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर इंग्रजी अर्थ. गिऱ्हाईक अर्थ वाचून नंबर सांगे, हा अक्षर न अक्षर बघून कोरी.

नऊ वर्षांपूर्वी मुलगा छिन्नी भिरकावून घरातून निघून गेला. सहा महिन्यांनी मोटारसायकलसकट पुलावरून खाली गेला. पोरगा मेला तरी बापाचा राग मेला नाही. "पेरावं तसं उगवतं, हेच कोरणार त्याच्या दगडावर!" तो घरभर ओरडला. बायको उठून चुलीपाशी गेली. दुसऱ्या दिवशी त्यानं वहीत तो अर्थ शोधला, अकरा नंबरला सापडला. ते वाक्य कधीच कुणी घेतलं नव्हतं. यानं घेतलं.

पुढं दर रविवारी ती तो दगड पुसायला जायची. हा दफनभूमीच्या फाटकाबाहेर खोकत उभा. दगडाची धूळ छातीत बसलेली, आणि आत जायचं तोंड नव्हतं. आता मरताना तिनं तेच वाक्य मागितलं. त्याला वाटलं, बाईनं जाता जाता पुरता सूड उगवला.

भेटायला आलेल्या म्हाताऱ्या मास्तरांना त्यानं शेवटी सगळं सांगून टाकलं. मास्तरांनी जन्मभर शाळेत लॅटिन शिकवलं होतं.

"पोराच्या उशाशी शाप ठेवलाय मी, मास्तर. आता हिच्याही ठेवू?"

"अहो, रोज त्या दगडावरून जातो मी. शाप कुठला?" मास्तरांनी वही ओढली. "हे बघा, अकरा आणि बाराच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय. पेरण्याचं वाक्य बारावं. तुम्ही कोरलंय ते 'आमोर तुस्सिस्क्वे नोन केलांतुर'."

"म्हणजे?"

"प्रेम आणि खोकला लपवता येत नाही."

पाथरवटानं वही आपल्याकडे ओढली. मग त्याला खोकल्याची उबळ आली, आणि त्यातच नऊ वर्षांचं रडू फुटलं.

"तिला कुठं लॅटिन येत होतं हो," तो कसाबसा म्हणाला.

"चिठ्ठ्या इंग्रजीत आहेत की."

त्यानं पानावरून अंगठा फिरवला. बाकीच्या चिठ्ठ्या बापाच्या पिवळ्या डिंकानं चिकटवलेल्या होत्या. या दोन तेवढ्या पिठाच्या खळीनं.

घरात खळ शिजवायची ती एकटीच.