कच्चा टाका

दवाखान्यातल्या वजनकाट्यावर शिंपीमास्तर दोनदा चढले, दोनदा उतरले. काटा ब्याऐंशीवरच. तीन महिन्यांपूर्वी होता तिथेच.

"झालं," ते बायकोला म्हणाले. "उद्यापासून चालणं बंद. बुटांचे तळ तेवढे झिजले."

डॉक्टरीणबाई मात्र रिपोर्ट वाचून खूश दिसल्या. "मास्तर, लिव्हरवरची चरबी बरीच उतरली. रक्तातलं इन्शुलिनही कमी झालंय."

"चरबी उतरली, मग वजन तेवढंच कसं? आणि इन्शुलिन कमी झालं म्हणता? ते कमी पडतं म्हणून तर माझे साडू रोज सुई टोचून घेतात!"

"तुमचं उलटं होतं. इन्शुलिन भरपूर होतं, पण शरीर त्याचं ऐकत नव्हतं. म्हणून ते आणखी आणखी तयार व्हायचं. तुम्ही चालायला लागलात, आता ऐकू लागलंय."

"घरी यांचं तसंच आहे," बायको म्हणाली. "चार हाका मारल्या की एक पोचते."

"चालणं सोडलंत तर पुन्हा पहिले पाढे. लिव्हर एकदा कडक झालं की मग माझ्याही हातात फार काही राहत नाही." बोलता बोलता बाईंनी मास्तरांच्याच गळ्यातली टेप ओढून त्यांच्या कमरेभोवती घेतली. "मागे माझ्या टेपने मोजली तेव्हा बेचाळीस होती. आता चाळीस."

मास्तर हसले. "बाई, ही टेप वीस वर्षांची. कापडी टेप ताणली की माप कमीच दाखवते. हिच्या भरवशावर मी उशीची खोळसुद्धा शिवत नाही."

"मग गळ्यात कशाला?"

"हिच्याशिवाय गळा ओका वाटतो."

दुकानात येताच त्यांनी खणातली कोरी टेप बायकोच्या हातात दिली. "बघ."

"पोट आत ओढू नका."

"नाही ओढलेलं."

"मग श्वास घ्या." तिने टेप लावली, वाकून आकडा बघितला. "साडेचाळीस."

मास्तरांनी स्वतः लावून पाहिली. साडेचाळीसच. त्यांनी टेप गुंडाळली. "काटा हलत नाही आणि कंबर दीड इंच गेली. गेली कुठे?"

"सापडली तर परत आणू नका."

मास्तरांनी स्वतःची राखाडी पँट घेतली, मागची शिवण उसवली, कंबर दीड इंच आत घेतली आणि सुईत पांढरा दोरा ओवून लांब लांब टाके घालू लागले.

शर्टाला बटणं लावता लावता बायकोने मान वर केली. "कच्चे टाके कशाला? मशीनवर घाला, दोन मिनिटांत होईल."

"राहू दे कच्चीच. तीन महिन्यांनी पुन्हा उसवावी लागेल. आत घ्यायला की बाहेर काढायला, कुणास ठाऊक."

शेवटचा टाका घालून त्यांनी दोरा दातांनी तोडला.

"पहाटे पाचला हाक मार मला," ते म्हणाले.

बायको बटणाच्या भोकातून सुई ओढत म्हणाली, "किती हाका?"